खोक्यातल्या हवेचं भाडं

सायकल हॅम्बुर्गला न्यायची म्हणतेस, तर कुरियरवाल्यांना फोन लावण्याआधी मोजपट्टी काढ. बॅलार्ड पिअरच्या क्लिअरिंग ऑफिसात उमेदीची वर्षं घालवलेल्या तुझ्या मामाचा हा पहिला सल्ला, आणि पुढचे बहुतेक सल्ले यातूनच निघतात. तुझी सायकल सोळा-सतरा किलोची आहे, तेवढ्या वजनाचा दर तू मनात धरून बसली असशील. पण विमान असो की जहाज, खोकं जेवढी जागा अडवतं तेवढ्या जागेचं भाडं लागतं. सायकलीत लोखंड थोडं आणि मोकळी जागाच फार. ती मोकळी जागा जेवढी कमी करशील तेवढे पैसे वाचतील.

कुरियरचा हिशेब तोंडपाठ कर. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५००० ने भागायचं. येईल ते वजन आणि काट्यावरचं वजन, यांतलं जे जास्त त्याचे पैसे. सायकलच्या दुकानात नव्या सायकली ज्या खोक्यातून येतात ते साधारण १४० बाय ८० बाय २५ चं असतं. गुणाकार २ लाख ८० हजार, भागिले ५००० म्हणजे ५६ किलो. काट्यावर १७ भरलेली सायकल बिलात ५६ किलोची होते. विमानाच्या साध्या कार्गोत भाजक ६००० धरतात, म्हणून तीच तिथे ४७ किलोच्या आत बसते. वर ठरावीक मापापेक्षा खोकं मोठं असलं की कुरियरवाले जादा आकार लावतात तो निराळाच.

आता तीच सायकल दोन खोक्यांत घाल. फोर्क काढलेली फ्रेम ११० बाय ६० बाय २० मध्ये, दोन्ही चाकं ७० बाय ७० बाय १८ मध्ये. पहिल्याचे साडेसव्वीस किलो, दुसऱ्याचे साडेसतरा, मिळून ४४. बारा किलोचं भाडं वाचलं आणि मोठ्या खोक्याचा जादा आकारही बहुधा टळला. शिवाय पोस्टाचा दरवाजा उघडला. आंतरराष्ट्रीय पार्सलला लांबी दीड मीटरच्या आत आणि लांबी अधिक घेर तीन मीटरच्या आत लागतो. काही देश दोन मीटरवरच अडतात. अख्ख्या खोक्याचा हा आकडा साडेतीन मीटर होतो, म्हणजे खिडकीवरूनच परत. फ्रेमचं खोकं २ मीटर ७० मध्ये बसतं. जर्मनीला त्या वेळी कोणती सेवा चालू आहे आणि किती माप-वजन घेतात, ते जीपीओच्या खिडकीवर जाऊन विचार. ऐकीव माहितीवर खोकं बांधू नकोस.

पण त्याआधी, न्यावीच का, हेही एकदा मनाला विचार. जर्मनीत जुन्या सायकली मुबलक मिळतात. डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये काढलेली स्वापफिट्स ही डच कंपनी महिन्याच्या भाड्याने सायकल देते, पुढचं टायर निळं असतं, आणि तिचा पसारा आता जर्मन शहरांतही आहे. कुठल्याही दुकानात मिळेल अशा साध्या सायकलीसाठी हा खटाटोप परवडत नाही. तुझी मात्र तुझ्या मापाला बसवून घेतलेली आणि घाटात घासलेली आहे, तेव्हा ने. आणि आपल्या घरच्या अण्णांची काळी सायकल म्हणाली असतीस तर मी एका शब्दाने अडवलं नसतं. त्या जुन्या देशी सायकलींच्या २८ बाय दीड इंची टायरचं रिम ६३५ मिलिमीटरचं. जुन्या डच सायकलींना तेच माप लागतं, त्यामुळे टायरसाठी अडून बसायची वेळ येत नाही. तुझ्या गिअरच्या सायकलीचं माप ६२२ असेल. टायरच्या कडेला बारीक आकड्यांत छापलेलं असतं, वाचून घे.

सगळ्यांत स्वस्त वाट बहुतेक वेळा तुझ्याच तिकिटात असते. सायकल तुझ्याबरोबर चेक-इन सामान म्हणून गेली तर ना एजंट, ना पोर्टाचे आकार, ना पोचल्यावर गोदामाच्या खेपा. काही विमान कंपन्या सायकल खेळाचं सामान म्हणून तुझ्या नेहमीच्या २३ किलोंच्या नगात धरतात, काही ठरावीक रक्कम घेतात, काही किलोवर आकारतात. दोन तिकिटांच्या दरात चार हजारांचा फरक दिसला म्हणून स्वस्त तिकीट घेशील आणि सायकलचे दहा हजार मोजशील, असं होऊ देऊ नकोस. तिकीट अधिक सायकल अशी बेरीज करून मगच कंपनी निवड. कोडशेअर असेल तर विमान प्रत्यक्षात ज्या कंपनीचं, नियम बहुधा तिचा लागतो. नोंदणी आधी करावी लागते आणि मंजुरीचा मेल छापून जवळ ठेवावा लागतो. काउंटरवरची मुलगी पहिल्यांदाच सायकल बघत असेल, तिला तुझा शब्द पुरायचा नाही.

पुण्याहून दिल्लीमार्गे जायचं झालं तर सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये असू दे. वेगळं देशांतर्गत तिकीट काढलंस की १५ किलोंच्या नियमात अडकशील. जोडविमान छोटं पंख्याचं असेल तर त्याच्या दारातून खोकं आत जाईलच असं नाही. मला विचारशील तर मुंबईहून निघ. १४० सेंटिमीटरचं खोकं छोट्या गाडीच्या डिकीत मावत नाही, तेव्हा वर कॅरिअर असलेली टॅक्सी सांग. एसटीच्या शिवनेरीने जाणार असशील तर आदल्या दिवशी डेपोत विचारून ठेव. विमानतळावर असं खोकं नेहमीच्या पट्ट्यावर घेत नाहीत, मोठ्या सामानाच्या काउंटरला नेऊन द्यावं लागतं. त्यासाठी अर्धा-पाऊण तास जादा धर.

बॅटरीवाल्या सायकलीचा मोह तुला नाही हे बरं. १६० वॉट-तासांवरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात सामानातून नेता येत नाही, आणि इलेक्ट्रिक सायकलींच्या बॅटऱ्या सहसा त्याच्या दुप्पट-तिप्पट असतात. तुझ्या दिव्याची सुटी बॅटरी नि पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेव. हवा भरायची गॅसची नळकांडी आणि चेनचा स्प्रे घरीच ठेव.

आता जहाज. यातच लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुझ्या एका खोक्यासाठी कोणी कंटेनर भरत नाही. दहा जणांचा माल एकत्र करून न्हावा शेवाहून पाठवतात. दर घनमीटरवर असतो आणि जवळपास सगळीकडे किमान एक घनमीटरचे पैसे घेतात. तुझं खोकं भरतं जेमतेम पाव घनमीटरच्या वर, ०.२८. म्हणजे पाऊण घनमीटर जागा तू भाडं भरून रिकामी पाठवणार. समुद्रमार्ग एकट्या सायकलीला महाग पडतो तो यामुळे. पण घरचं सामान, पुस्तकं, कुकर-पातेली, थंडीचे कपडे तसेही पाठवायचे असतील, तर त्याच घनमीटरात सायकल जवळजवळ फुकट जाते. नाहीतर तिकडे जाणारं दुसरं कुटुंब गाठ. महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतून कोणीतरी घर हलवणारं सापडतंच. त्यांच्या कंटेनरच्या कोपऱ्यात तुझी सायकल उभी राहील. फक्त कागदावर तिची मालकी तुझी म्हणून वेगळी दाखव, नाहीतर कस्टम्सच्या सवलतीचा घोळ होतो.

कोटेशन कसं वाचायचं ते बघ. एका घरच्या मंडळींनी माझ्याकडे आणलेला एक कागद मला अजून दिसतो. वर ठळक अक्षरांत समुद्राचं भाडं, इतकं कमी की मुंबई-पुणे टॅक्सीला जास्त लागावं. त्याखाली इथला टर्मिनलचा आकार, बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे मालाचा ताबा ज्यावर मिळतो त्या कागदाची फी, बाकी कागदपत्रांची फी, बेरीज. आणि बेरजेच्याही खाली, पायाच्या टिपेत, पोचायच्या बंदरावरचे आकार प्रत्यक्ष होतील तसे. ती ओळ त्यांनी वाचली नव्हती. तिकडच्या एजंटाने गोदाम, हाताळणी, डिलिव्हरी ऑर्डर आणि कस्टम्सची दलाली मिळून जो आकडा पाठवला त्यात तिथे नवी सायकल आली असती. हो-नाही करण्यात मोफत दिवस संपले, डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा रोजचा आकार, सुरू झालं, आणि शेवटी त्यांनी सायकलीवर पाणी सोडलं. फॉरवर्डर खोटं बोलला नव्हता. हे असंच चालतं. इथलं भाडं स्वस्त दाखवून माल घ्यायचा आणि जिथे माणसाकडे दुसरा पर्याय उरत नाही त्या टोकाला वसुली करायची.

म्हणून दर विचारताना प्रश्न तिकडच्या टोकापासून सुरू कर. हॅम्बुर्गला खोकं माझ्या हातात पडेपर्यंत मला एकूण किती द्यावे लागतील? टर्मिनल, गोदाम, डिलिव्हरी ऑर्डर, क्लिअरन्स आणि घरपोच, प्रत्येकाचा आकडा मेलवर दे म्हणावं. मोफत दिवस किती आणि त्यानंतर रोजचं किती, तेही. जो म्हणेल, ‘मॅडम, तिकडचं तिकडे बघून घेऊ,’ त्याला नमस्कार कर. बिल ऑफ लेडिंगची मूळ प्रत कुरियरने मागवत बसावी लागू नये म्हणून सी वेबिल किंवा इथेच सरेंडर केलेलं बिल माग. फुकटची दिरंगाई टळते.

वेळेचा अंदाज ढिला ठेव. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि सुएझ सोडून बहुतेक मोठ्या कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घातला, तेव्हा युरोपचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला होता. खोकं पोचायला दीड-दोन महिने लागतील असं धरूनच चाल. आणि जून ते सप्टेंबरमध्ये पाठवणार असशील तर पुठ्ठ्यावर विश्वास नको. गोदामाच्या दारात ट्रक रिकामा होताना पावसाची एक सर पुरते. खोक्याच्या आत जाड प्लास्टिक लाव, चेनला आणि उघड्या लोखंडाला तेलाचा हात फिरव, सिलिका जेलच्या पुड्या टाक. बंद कंटेनरमध्ये रात्री गार झालेल्या छताला घाम सुटतो आणि तो खाली टपकतो.

लाकडी पेटी करायची हौस असेल तर सुताराला आधी सांग. परदेशी जाणाऱ्या कच्च्या लाकडाच्या पेटीवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का लागतो. लाकूड आतपर्यंत ५६ अंशांना ३० मिनिटं तापवलेलं असलं पाहिजे. शिक्का नसेल तर पेटी तिकडे अडते. प्लायवूडला आणि पुठ्ठ्याला ही अट नाही. मी तर म्हणेन लाकूड नकोच, वजनही वाढतं आणि मापही.

कस्टम्सचं म्हणशील तर युरोपात राहायला जाणाऱ्याला स्वतःचं वापरलेलं सामान जकातीशिवाय नेता येतं, आणि त्या यादीत सायकलचा स्पष्ट उल्लेख आहे. अटी अशा: त्याआधी किमान १२ महिने तू युरोपीय संघाबाहेर राहत असावीस, सायकल किमान सहा महिने तुझ्या ताब्यात आणि वापरात असावी, तिकडे वास्तव्य सुरू झाल्यापासून १२ महिन्यांत ती पोचावी, आणि पुढचे १२ महिने ती न कळवता विकू किंवा भाड्याने देऊ नये. सवलत हुकली तर सायकलवर १४ टक्के जकात आणि त्यावर जर्मनीचा १९ टक्के व्हॅट. चिनी बनावटीची असेल तर त्यावर आणखी ४८.५ टक्क्यांपर्यंत अँटी-डम्पिंग कर येऊ शकतो. म्हणून पावत्या फेकू नकोस. खरेदीचं बिल तर हवंच, पण कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून ब्रेकपॅड बदलल्याची तारखेची पावतीसुद्धा वापराचा पुरावा म्हणून कामाला येते. पेडलच्या आसाखाली फ्रेमवर कोरलेला नंबर असतो, त्याचा फोटो घे आणि तोच नंबर सामानाच्या यादीत लिही.

किंमत शून्य लिहायची अक्कल कोणीतरी शिकवेल. ऐकू नकोस. शून्य लिहिलं की तिकडचा अधिकारी स्वतःच्या मनाने किंमत धरतो आणि खोकं हरवलं तर विमाही शून्याचाच मिळतो. जुन्या सायकलीची आजची रास्त किंमत लिही, पुढे ‘वापरलेलं वैयक्तिक सामान’ असं स्पष्ट लिही. विमा घेताना एक विचार: मालकाने स्वतः बांधलेल्या खोक्याला मोडतोड भरून मिळते का, की फक्त अख्खं हरवलं तरच? बहुतेकदा दुसरं असतं.

तुझा भाऊ ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणतो ना, त्याला सांग, तिथे सायकल १२ महिने वापरलेली लागते आणि टायरच्या खाचेत चिमूटभर माती दिसली तरी ती धुण्याचे पैसे त्यालाच भरावे लागतील. ब्रिटनला जाणाऱ्याने सवलतीचा अर्ज सामान निघण्याआधी करून ठेवायचा. आणि आईला प्रेमाने आवर. खोक्यात बोटभर जागा दिसली की ती कुरडया, मेतकूट आणि लोणच्याची बरणी कोंबणार. तुझं वैयक्तिक सामान त्या क्षणी खाद्यपदार्थ होतं आणि सगळं खोकं उघडलं जातं. लोणचं सांडलं तर सायकलीचं काय होईल ते मी सांगायला नको.

बांधायला संध्याकाळ मोकळी ठेव. जमिनीवर जुनी चादर अंथर, १५ चा पाना आणि अॅलन कीचा संच घे. आधी पेडलं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, जोर लावून मोडतात ते इथेच. पाना वरच्या दिशेने उभा धर आणि मागच्या चाकाकडे ढकल, दोन्ही बाजूंना हाच नियम. सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीने उंचीची खूण कर, मग दांडा काढ. हँडल स्टेममधून सोडवून केबल न तोडता वरच्या नळीला समांतर बांध. मागचा डिरेल्युअर त्याच्या कानातून सोडवून, फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधून टाक. खोकं त्या बाजूवर आपटलं तर तो कान वाकतो, आणि नेमका त्याच मापाचा कान परदेशात शोधणं म्हणजे वैताग आहे.

चाकं काढल्यावर फोर्कच्या दोन टोकांत प्लास्टिकचा आडवा तुकडा बसव, नव्या सायकलीबरोबर येतो तो. दुकानदार असे तुकडे कचऱ्यात टाकतो, मागितलास तर मूठभर देईल. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची घडी घाल, नाहीतर वाटेत लिव्हर दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात. हवा बरीचशी काढ, पण टायर अगदी चपटं करू नकोस, रिमला तेवढाच आधार. फ्रेमच्या नळ्यांवर चढवायला एसीच्या पायपांवर घालतात तो काळा फोम आण. फिटिंग करणाऱ्याकडे वीतभर-हातभर तुकडे उरलेलेच असतात, चाकूने उभा चिरला की नळीवर बसतो. शेवटी खोकं हलवून बघ. आत काही खडखडलं तर उघड आणि ते सुटं काय आहे ते शोध. स्क्रू नि अॅक्सल एका पिशवीत घालून ती पिशवी फ्रेमला बांध, खोक्याच्या तळाला सोडलीस तर ती हातमुठीच्या भोकातून पडते. आणि नाव-पत्ता खोक्याच्या बाहेर दोन बाजूंना लिही, एक चिठ्ठी आतही टाक.

तिकडे खोकं हाती आलं की सही करण्याआधी चारी बाजूंनी बघ. फाटलेलं, चेपलेलं असेल तर पावतीवर तसं लिहूनच सही कर आणि फोटो काढ. विमानाच्या सामानात मोडतोड झाली असेल तर लेखी तक्रारीला मिळाल्यापासून सात दिवस असतात, कार्गोला चौदा. जेट लॅगच्या नावाखाली आठवडाभर खोकं कोपऱ्यात ठेवलंस तर हक्क गेला. जोडून झाली की पुढे-मागे दिवे, घंटी, रिफ्लेक्टर आणि दोन स्वतंत्र ब्रेक आहेत ना ते बघ, जर्मनीत कायद्याने लागतात. तिकडचे दिवे मान्यतेच्या खुणेचे घ्यावे लागतात, तेव्हा इथून महागडा दिवा नेऊ नकोस. आणि कोणी जर्मन मैत्रीण चक्कर मारायला मागेल तर तिला आधी सांग: आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, त्यांच्याकडे डाव्या.